मोजणीदार आणि चितारी

नागपूरच्या इतवारीतील एक प्रसंग सांगून या लेखास आरंभ करतो. प्रसंग लहान आहे आणि त्यात माझी शोभा दिसते असेही नाही; परंतु पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे बीज त्यातच आहे. त्याला आता पस्तीस वर्षे होत आली. मी त्या वेळी नागपुरास बी. ए.च्या वर्गात होतो. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मला मिळालेले नव्हते. शाळेतल्या ड्रॉइंगमास्तरांनी लावलेली गोडी, कोऱ्या कागदांची एक वही आणि दोन पेन्सिली, एवढेच भांडवल. इमारती आणि झाडे काढून कंटाळा आला, तेव्हा एका सकाळी इतवारीतल्या किराणा ओळीत जाऊन एका बंद दाराला पाठ लावून उभा राहिलो. समोर हातगाड्या, सायकलरिक्षा, पोती वाहणारे हमाल, त्यांची ‘बाजू, बाजू’ ही आरोळी आणि या सगळ्यावर तरंगणारी वाळल्या मिरचीची खकाणा. डोळ्यांत पाणी, नाकावर रुमाल आणि हातात वही, अशा थाटात मी समोरचे दुकान रेखाटू लागलो.

दहा मिनिटेही झाली नसतील, तोच गादीवरचे शेटजी उठून माझ्याकडे आले. ‘‘काहो भाऊ, मोजणी कराले आले का?’’ त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता, धास्ती होती. वही हातात घेऊन दुकानाकडे टक लावून पाहणारा माणूस कॉर्पोरेशनचाच असला पाहिजे, हा त्यांचा तर्क. मी चित्र काढतो आहे असे कळताच ते निवळले, त्यांनी चहा मागविला आणि माझ्या खांद्यावरून पाहू लागले. आपला तराजू चित्रात उतरला याचा त्यांना आनंद झाला. मग हळूच म्हणाले, ‘‘मस्त काढलं. फक्त ते समोरची फळी राहू द्या. तेवढी घेऊ नका.’’ फळी म्हणजे गटारावर टाकलेली ती लांब पाट. तिच्यामुळे दुकान हातभर रस्त्यात आले होते. चहा तर मी घेतला होता. मी फळी गाळली.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. दुकान आहे, तराजू आहे, शेटजींची टोपी आहे, फळी नाही. उद्या कोणी इतवारीचा इतिहास लिहिताना हे चित्र साधन म्हणून हाती घेईल, तर मी त्याला फसविले आहे.

आपण मराठी अध्यापक इतिहासाची साधने म्हटली की बखरी, पत्रव्यवहार, शिलालेख आणि ताम्रपट यांकडे वळतो. अर्वाचीन काळापुरती त्यांत वृत्तपत्रांची भर घालतो. गजबजलेल्या पेठेत, धुळीत आणि कोलाहलात उभे राहून काढलेले रेखाटन हेही एक साधन आहे, हे आपल्या लक्षात क्वचितच येते. जेव्हा येते तेव्हा ते चित्र ‘जसे होते तसे’ आहे असे आपण भाबडेपणाने धरून चालतो. या दोन्ही चुका टाळून मुंबईच्या रस्त्यांची जी रेखाटने मराठी चित्रकारांनी केली त्यांकडे कसे पाहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. मुंबईच का, असे विचारले तर उत्तर सोपे आहे. आपल्या भाषेच्या प्रदेशात इतका कोलाहल आणि इतकी रेखाटने एकत्र दुसरीकडे सापडणार नाहीत.

कोणी म्हणेल, रस्त्याचे चित्र हवे तर छायाचित्र आहेच की. पण छायाचित्राचा आरंभीचा काळ आठवून पाहावा. १८३८ साली दागेर याने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचे जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, त्यात रस्ता जवळजवळ ओस दिसतो. त्या रस्त्यावर गाड्यांची आणि माणसांची रहदारी होती. परंतु काचेआड प्रकाश साठायला बराच वेळ लागत असल्यामुळे जे हलले ते सारे पुसले गेले. राहिला तो फक्त बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक गृहस्थ. गर्दी हा विषय पुढे कित्येक वर्षे छायाचित्राच्या आवाक्याबाहेरच होता. धावता हमाल, वळणारी घोडागाडी, भांडणारी कोळीण हे टिपण्याचे काम पेन्सिलीकडेच राहिले.

आपल्याकडे हे काम प्रथम शब्दांनी झाले, आणि ते एका शाळामास्तराने केले, याचा आपल्या वर्गास अभिमान वाटावयास हरकत नाही. गोविंद नारायण माडगांवकर हे मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. बाजार, देवळे, गिरण्या, जातीजातींचे पेहेराव, सणवार आणि रस्त्यावरची दाटी असे सर्व काही त्यांनी शिक्षकाच्या चिकाटीने नोंदले. पुस्तकाचे साल महत्त्वाचे आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढलेले, मुंबईत पैशाचा पूर आलेला आणि सर बार्टल फ्रियर यांच्या अमदानीत किल्ल्याचा जुना तट पाडण्याचे काम निघालेले, असा तो काळ. ज्या मुंबईचे वर्णन माडगांवकर करीत होते ती त्यांच्या देखतच मोडत होती. योगायोगाने त्याच १८६३ साली पॅरिसमध्ये बोदलेअर याने कॉन्स्टँटिन गीस या रेखाटनकारावरचा आपला प्रख्यात निबंध प्रसिद्ध केला. गीस दिवसभर गर्दीत हिंडे आणि रात्री दिव्याच्या उजेडात आठवणीने चित्रे काढी. पॅरिसही त्या काळी पाडून नव्याने बांधले जात होते. दोघांना एकमेकांची वार्ताही नसणार. पण नगर मोडू लागले की त्याचे वर्णन करणारा कोणी तरी निपजतो, असे दिसते.

चित्रकलेचे म्हणावे तर मुंबईत कलाशाळा १८५७ सालीच निघाली होती. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभी राहिलेली ही शाळा १८७८ साली आजच्या वास्तूत आली. ही वास्तू कोठे आहे ते पाहा. पलीकडे क्रॉफर्ड मार्केट, उत्तरेस पायधुणी आणि भेंडीबाजार, पश्चिमेस धोबीतलाव. शहरातला सगळ्यात दाट कोलाहल तिच्या कुंपणाला लागून. आणि कुंपणाच्या आत काय, तर ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती! विलायतेतल्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर आखलेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी महिनोन्महिने त्या पांढऱ्या, निश्चल आकृतींची छायाप्रकाशासह नक्कल करीत. जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना शाळेबाहेर नेले खरे. १८७२ पासून पुढे बरीच वर्षे ते त्यांना अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेत होते. त्या कार्याचे मोल कोण नाकारील? तथापि तेही मागील युगातल्या चित्रांकडे नेणेच होते. कुंपणापलीकडच्या बाजाराचा धडा अभ्यासक्रमात नव्हता.

अपवाद म्हणून त्याच शाळेतले शिक्षक जॉन लॉकवुड किपलिंग यांचे नाव घ्यावे लागेल. ते १८६५ साली मुंबईस आले. १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर त्यांनी केलेली उठावशिल्पे आजही पाहावयास मिळतात. त्यांत कष्टकरी माणसे आहेत, देवदेवता नाहीत. १८७० नंतर सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी उत्तर हिंदुस्थानात हिंडून कारागिरांची रेखाटने केली. हातमागावर बसलेला विणकर, लाकडावर नक्षी कोरणारा सुतार, रंगारी, कुंभार हे सारे त्यांच्या कामाच्या जागी, त्यांच्या हत्यारांसह. ही चित्रे सुंदर आहेत. परंतु ती सरकारी कामगिरी होती हे विसरून चालणार नाही. कारागिरी मरत चालली, ती नोंदून ठेवावी, ही त्यामागील चिंता. आणि ज्या राजवटीच्या व्यापाराने ती मरत होती तीच राजवट ही चिंता वाहत होती.

याच्याही आधीचे एक मराठी उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने आणि पुढे जेम्स वेल्स या चित्रकाराच्या हाताखाली गंगाराम तांबट नावाच्या मराठी चित्रकाराने वेरूळची लेणी आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा प्रत्यक्ष पाहून काढला. गेंड्याचे चित्र १७९० चे आहे. त्याचे उपनाव तांबट असावे, याची मला नेहमी गंमत वाटते. पुण्याच्या तांबट आळीतून जो गेला आहे त्याला ठोक्यांचा तो अखंड नाद ठाऊक असेल. मात्र गंगारामाने तांबट आळी काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्याला काम सांगणाऱ्या साहेबाला लेणी हवी होती, आळी नव्हे.

आता महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्याकडे वळू. या लेखाचे खरे नायक तेच. जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. १८९० च्या जानेवारीत ते मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले आणि १९३१ च्या जानेवारीत तेथूनच निवृत्त झाले. १८९५ साली बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक, पुढच्या वर्षी तेथेच शिक्षकाची नेमणूक, आणि १९१० साली हेडमास्तर.  या काळाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने लिहिल्या आणि त्या १९४० साली प्रसिद्ध झाल्या. मराठीत चित्रकाराने लिहिलेल्या आत्मचरित्रांत या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे. आपल्या वाचनात ते नसेल तर अवश्य मिळवून वाचावे.

धुरंधर शाळेत प्लास्टरचे पुतळे शिकवीत आणि बाहेर पडले की रस्ता काढीत. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रांमुळे त्यांची कीर्ती झाली, घरोघरी त्यांची छापील चित्रे लागली. पण माझ्या मते त्यांचा हात खरा मोकळा होतो तो लहान रेखाटनांत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मुंबईतल्या रस्त्यावरच्या माणसांची जी पोस्टकार्डे काढली ती पाहावी. त्यांत थट्टा आहे, पण कुचेष्टा नाही. पगडीवरून माणूस ओळखावा असा तो काळ होता आणि धुरंधर पगडीच्या बाबतीत कधी चुकत नाहीत. भाटियाची पगडी, पारशाची टोपी, कोळणीने कासोटा मारून नेसलेले लुगडे, घाटी हमालाच्या डोक्यावरची चुंबळ हे तपशील वेशभूषेच्या इतिहासाला आजही उपयोगी पडतात. त्या काळची छायाचित्रे बव्हंशी बिनरंगी, आणि पोशाखाचा रंग तर जातीचे आणि प्रांताचे अर्धे लक्षण.

येथे रेखाटनाच्या कसबाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून त्याची साक्ष पारखता येत नाही. भर रस्त्यात माणूस तुमच्यासाठी थांबत नाही. हमालाचे वाकलेले पाठाड काढून होते न होते तोच तो गल्लीच्या तोंडाशी दिसेनासा होतो. मग दुसऱ्या हमालाचे पाय, तिसऱ्याचा हात. रेखाटनातला एक हमाल हा बहुधा तीन हमालांचा मिळून झालेला असतो. म्हणजे ओझे उचलण्याची ढब खरी, धोतराची कास खरी, चुंबळ खरी. माणूस मात्र त्या दिवशी त्या रस्त्यावर नव्हता. शिवाय मध्येच कोणी समोर उभा राहतो, जलरंग ओला असताना धूळ बसते, बघे जमतात आणि चित्रकाराला जागा सोडावी लागते. अर्धवट राहिलेला भाग घरी आठवणीने पुरा होतो. तेव्हा अशा चित्राला विचारावयाचे प्रश्नही वेगळे. ‘हा कोण होता?’ असे विचारू नये. ‘हे कसे करीत असत?’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला ते बखरीपेक्षा चोख उत्तर देते.

परंतु तिसराही एक प्रश्न आहे आणि तो मला इतवारीतल्या फळीने शिकविला. कोणाच्या सांगण्यावरून काय गाळले?

१९१२ साली मुंबईच्या तारापोरवाला या प्रकाशनसंस्थेने ‘बाय-वेज ऑफ बाँबे’ हे इंग्रजी पुस्तक काढले. मुंबईच्या आडवाटा, असे त्याच्या नावाचे मराठी करता येईल. लेखक एस. एम. एडवर्ड्स, चित्रे धुरंधरांची. पुस्तकात मोहरमची गर्दी आहे, कसुंबा म्हणजे अफूचे पाणी पिणाऱ्यांचा अड्डा आहे, सिद्दी आहेत, कोळी आहेत, भंडारी आहेत, रात्रीच्या गल्ल्या आहेत. एडवर्ड्स यांना मुंबईचे खरोखर प्रेम होते; तिचा इतिहास आणि गॅझेटियर त्यांनी परिश्रमाने लिहिले. पण ते होते कोण? १९०९ पासून मुंबईचे पोलीस कमिशनर. लोकमान्यांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, रस्त्यांवर गोळीबार झाला आणि पुढच्याच वर्षी हे गृहस्थ त्या जागेवर आले. ज्या मोहरमच्या टोळ्यांचे वर्णन त्यांनी पुस्तकात रसिकतेने केले आहे, त्या टोळ्यांच्या मिरवणुका १९११ च्या दंग्यानंतर परवान्याच्या अटी घालून बंद पाडण्याचे कामही त्यांनीच केले. वर्णन करणारी लेखणी आणि बंदी घालणारी लेखणी एकाच हातात!

तेव्हा धुरंधरांच्या या चित्रांकडे मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मनात येते, या चित्रांतली फळी कोणती? पोलीस कमिशनरच्या पुस्तकात काय यावयाचे नव्हते? पुस्तकात साधू, फकीर, नाचणारी, अफू पिणारा असे सारे विचित्र आणि मनोवेधक लोक आहेत. कारखान्याचा भोंगा वाजल्यावर फाटकातून बाहेर पडणारा कामगारांचा लोंढा हे त्या काळच्या मुंबईतले रोजचे दृश्य. चार वर्षांपूर्वी याच लोंढ्याने सरकारला धडकी भरविली होती. आडवाटांच्या पुस्तकात हमरस्ता येत नाही, असे उत्तर कोणी देईल. ते बरोबरही असेल. धुरंधरांस दोष देण्याचा माझा हेतू मुळीच नाही. चहा घेऊन फळी गाळणाऱ्याने तो देऊही नये. ते सरकारी शाळेतले शिक्षक होते, पुस्तकाला चित्रे मागितली ती त्यांनी उत्तम काढून दिली. एवढेच म्हणावयाचे की रेखाटनात जे नाही तेही वाचता आले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. १८९६ साली मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला. १८९८ साली शहरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढण्यास सुरुवात केली. नागपाडा, पायधुणी, गिरगाव या भागांत घरांवर मोजणीदार वही घेऊन उभे राहू लागले. धुरंधरही त्याच वर्षांत त्याच गल्ल्यांत वही घेऊन उभे होते. एखाद्या घरमालकाने त्यांनाही इतवारीतल्या शेटजींसारखा प्रश्न विचारला असेल काय? दुरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही. मोजणीदारही चितारीही थांबतो, डोळे बारीक करतो, पेन्सिल आडवी धरून लांबी घेतो, आणि लिहितो. एकाच्या वहीमुळे घर जाते, दुसऱ्याच्या वहीत ते राहते. पण दोघे येतात ते बहुधा एकाच सुमारास.

हा नियम आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्याला ठळक अपवाद आपल्याच भागातला आहे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा, १९२२ चा. १९३९ पासून १९४३ पर्यंत ते नागपूरच्या कलाशाळेत बापूराव आठवले यांच्यापाशी शिकले आणि नंतर मुंबईस गेले. मुंबईत पोटासाठी त्यांनी एका ब्लॉक तयार करणाऱ्या छापकामाच्या स्टुडिओत नोकरी धरली आणि उरल्या वेळात जलरंगांनी मुंबईचे रस्ते रंगविले. त्या चित्रांत पगडी ओळखू येत नाही, चेहरा तर नाहीच. पाऊस पडून गेलेला रस्ता, त्यावर सांडलेला उजेड, गर्दी म्हणजे काही थोडे ठिपके. त्या रस्त्यांवर कोणी मोजणीदार आलेला नव्हता. रझांना नष्ट होणारे काही वाचवावयाचे नव्हते. त्यांना रंग हवा होता, आणि तो कोलाहलातही मिळतो हे त्यांना उमगले होते. १९४८ साली बाँबे आर्ट सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले आणि १९५० साली ते पॅरिसला गेले. पुढे त्यांच्या चित्रांतून रस्ता नाहीसा झाला आणि बिंदू आला, ही कथा सर्वश्रुत आहे. मुंबईच्या इतिहासकाराला रझांच्या या जलरंगांतून वेशभूषा मिळणार नाही, दुकानाची पाटी मिळणार नाही. शहर एखाद्या परक्या तरुणाला पहिल्या पावसात कसे दिसले एवढेच मिळेल. ते थोडे आहे का?

यानंतरच्या पिढीत सुधीर पटवर्धन यांचे काम या दृष्टीने फार विचार करावयास लावणारे आहे. जन्म पुण्याचा, १९४९ चा, शिक्षण वैद्यकाचे, ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी अनेक वर्षे व्यवसाय केला. १९७३ पासून ते मुंबईत आहेत. लोकलमध्ये, इराण्याच्या हॉटेलात, गिरणगावात केलेली निरीक्षणे आणि रेखाटने घरी नेऊन ते मोठी चित्रे करतात. ‘इराणी रेस्टॉरंट’ हे चित्र १९७७ चे आणि ‘ट्रेन’ १९८० चे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो संप रीतसर कधी संपलाच नाही. गिरण्याच हळूहळू संपल्या. पटवर्धनांचे ‘लोअर परळ’ हे चित्र २००१ चे. गिरणगावाच्या जमिनीवर पुन्हा एकदा मोजणीदार आले त्या वेळचे. धुरंधरांच्या पुस्तकात जो कामगार आला नाही तो येथे चित्राच्या मध्यभागी आला, पण तो आला तेव्हा त्याचे काम गेले होते. पटवर्धनांवर रणजित होस्कोटे यांनी जे इंग्रजी पुस्तक लिहिले त्याच्या नावात त्यांना ‘कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर’ म्हटले आहे. याला नेमका मराठी शब्द मला सापडला नाही. पाहणारा, पण जे घडते आहे त्यात अंशतः सामील असलेला, असा काहीसा त्याचा भाव. वैद्यानेच इतके निर्भीडपणे स्वतःच्या पाहण्याकडे पाहावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

आज उघड्यावर बसून शहर रेखाटण्याची हौस पुष्कळ वाढली आहे. गॅब्रिएल कँपनारिओ या पत्रकार-चित्रकाराने २००७ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरातून हौशी रेखाटनकारांचा एक मेळ सुरू केला आणि त्याच्या शाखा जगभर पसरल्या. मुंबईतही सुटीच्या दिवशी वह्या घेऊन निघणारी मंडळी आहेत. त्यांच्या नियमांत एक असा आहे की, चित्र जागेवरच काढावे आणि जे पाहिले त्याशी प्रामाणिक राहावे. वाचून बरे वाटते. इतवारीत मात्र हा नियम मला पाळता आला नव्हता. याच मंडळींना भेंडीबाजारात आज काय दिसत असेल? २००९ साली स्थापन झालेल्या एका न्यासाने तेथल्या सुमारे अडीचशे जुन्या इमारती पाडून त्या जागी उंच इमारती बांधण्याचे काम हाती घेतले आहे. कलाशाळेच्या कुंपणापासून हा भाग काही फार दूर नाही.

आता थोडे आमच्या तिगावविषयी, कारण हा लेख लिहावयास निमित्त तेथेच झाले. तिगाव नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावरचे लहान गाव आहे. भोवती संत्र्याच्या बागा आणि कापूस. येथे कोलाहल म्हणावा तर गाडी जाते तेवढ्यापुरता. शाळेतली मुले स्मरणचित्राच्या तासाला ‘बाजारातील दृश्य’ काढतात, तेव्हा प्रत्येकाच्या चित्रात तोच एक छत्रीखाली बसलेला भाजीवाला आणि तीच एक पिशवीवाली बाई असते. हे स्मरणचित्र नव्हे. मागच्या वर्षीच्या मुलाचे चित्र आठवून काढलेले चित्र. म्हणून गेल्या हंगामात आठवीच्या अठरा मुलांना घेऊन मी पांढुर्ण्याच्या बाजारात गेलो. पांढुर्णा आता २०२३ पासून जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे, त्यामुळे साहेबलोकांची आणि वह्यांची लोकांना सवय झाली असेल असे वाटले होते.

तशी ती झालेली नव्हती. एका अडत्याने मुलांना हटकले, एका चहावाल्याने हौसेने आपल्या बाकावर जागा दिली. हर्रास चालू होता, ट्रक मागे घेणाऱ्याची शिटी वाजत होती, आणि धूळ इतकी की मुलांच्या कागदावर पेन्सिलीपेक्षा बोटांचे ठसे अधिक उठले. निम्म्या मुलांनी घाबरून दूरचे झाड काढले. त्यांना मी बोललो नाही. मीही एके काळी झाडेच काढीत होतो. एका मुलीने मात्र फक्त पाय काढले. चपलांचे, अनवाणी, गोणपाट गुंडाळलेले, असे वीस-बावीस पाय. विचारले तर म्हणाली, ‘‘सर, मी खाली बसली होती, मले तेवढंच दिसे.’’

एका मुलाजवळ एक वयस्क हमाल येऊन उभा राहिला. मी थोडा पुढे सरकलो, कारण पूर्वानुभव मनात होता. हा आता काय गाळावयास सांगतो? हमालाने चित्र बराच वेळ पाहिले. मग मुलाच्या हातातली पेन्सिल घेतली, ती उलटी धरली आणि म्हणाला, ‘‘हुक असा नाही धरत, बाबू. असा धरला तं पोतं फाटते. हे पाय.’’ आणि त्याने आपल्या कमरेचा हुक काढून, मुठीत वळवून दाखविला. मुलाने रबराने जुना हात पुसला आणि नवा काढला. पहिल्या हाताची पुसट रेघ कागदावर अजून दिसते. तो कागद मी शाळेच्या कपाटात ठेवला आहे. मागे तारीख आणि वेळ लिहून घेतली आहे, आणि ‘‘हुक धरण्याची पद्धत हमालाने सांगितल्यावरून दुरुस्त’’ एवढा शेरा मुलाच्याच अक्षरात आहे.